आप्पांना आधी सांगा, मग डिस्कला हात लावा

नमस्कार मॅडम,

आम्ही बडोद्याचे, कारेलीबागेत राहतो. माझे सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, ८२ वर्षांचे आहेत. बँकेच्या हिंदी विभागातून निवृत्त झाल्यापासून ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत आहेत. गायकवाडांच्या चाकरीत पूर्वज इकडे आले तिथपासूनच्या सगळ्या शाखा, जुनी पत्रं, मोडी कागदांचे फोटो, सगळं घरच्या कॉम्प्युटरवर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं तेव्हा मूळ कागदांच्या ट्रंकेचा लगदा झाला. म्हणजे जे काही उरलं होतं ते या कॉम्प्युटरवरच.

गेल्या आठवड्यात पावसात लाइट सारखी येत-जात होती. नंतर कॉम्प्युटर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाचं काहीतरी यायचं. मी दुकानातल्या मुलाला बोलावलं. त्याने विचारलं, "डीमध्ये काही आहे का?" मी म्हटलं, आप्पांचं सगळं डेस्कटॉपवर असतं. त्याने फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकून दिलं. आप्पांचं फोल्डर गायब. फोन केला तर म्हणाला, "बेन, बधुं गयुं" (ताई, सगळं गेलं). मग यांनी नेटवरून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि त्याच कॉम्प्युटरवर चालवलं. ढीगभर फायली आल्या, पण नावाच्या जागी नुसते आकडे, आणि उघडल्या की आत एबीसीडी, कंस, स्वल्पविराम असला कचरा. त्यातल्या बऱ्याच यांनी उडवून टाकल्या. हे म्हणतात, "तू नीट विचारायला हवं होतंस." घरात रोज तेच. आप्पा नणंदेकडे सुरतेला गेलेत, पुढच्या आठवड्यात परत येतील. त्यांना अजून काहीच माहीत नाही. सांगावं, की आधी आपल्या परीने प्रयत्न करून बघावा? आणि खरंच काही परत मिळेल का?

– एक सून, बडोदं

ताई,

पुढचं वाचण्याआधी उठा, कॉम्प्युटर बंद करा आणि भिंतीतून प्लग काढून टाका. घरातलं कोणी सहज म्हणून चालू करू नये यासाठी वर चिठ्ठी चिकटवा. तेवढं झालं की बसून वाचा.

आता तो 'कचरा'. तुम्ही केलेलं वर्णन वाचून मला तो कचरा वाटत नाही. मला तर तो आप्पांचा मजकूर वाटतो.

आप्पा बँकेच्या हिंदी विभागात होते, असं तुम्ही लिहिलंय. त्या पिढीतल्या टंकलेखन करणाऱ्यांचे हात रेमिंग्टन टाइपरायटरवर बसलेले असायचे. कॉम्प्युटर आले तेव्हा त्यातल्या पुष्कळांनी कृतिदेव हा फॉन्ट धरला, कारण कळांची मांडणी तीच. मराठीत लिहिणाऱ्यांत कोणी श्रीलिपी घेतली, कोणी शिवाजी. हे सगळे युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीचे फॉन्ट. त्यात टाइप केलेल्या फायलीत देवनागरी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. पडद्यावर दाखवताना फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे आकार काढतो. कृतिदेवमध्ये 'आहे' हा शब्द व्ही, के, जी, एस अशा चार अक्षरांत साठवलेला असतो. व्ही म्हणजे अ, के म्हणजे काना, जी म्हणजे ह, एस म्हणजे मात्रा. विंडोज नव्याने टाकलं तेव्हा जुन्या विंडोजबरोबर त्यातला कृतिदेवही गेला. आता तीच फाइल उघडली की वर्डला फॉन्ट सापडत नाही आणि ती चार इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मजकूर शाबूत, पण वाचता येत नाही.

हे तपासायचं कसं? फाइल वर्डमध्ये उघडली की त्या अगम्य मजकुरात कुठेही क्लिक करायचं आणि वर होम टॅबमध्ये फॉन्टचं नाव दाखवणारी चौकट बघायची. फॉन्ट कॉम्प्युटरमध्ये नसला तरी वर्ड तिथे मूळ नावच दाखवतं. कृतिदेव दिसलं तर तो फॉन्ट बसवायचा. पानभर एबीसीडीची जागा आप्पांची वाक्यं घेतील. नाव दिसायच्या आधीही एक खूण आहे. मराठी गद्यात वाक्यामागून वाक्य 'आहे'वर संपतं, त्यामुळे व्ही-के-जी-एस हा पुंजका पानभर पुन्हा पुन्हा दिसतो, तोही वाक्य संपावं अशा ठिकाणी. परिच्छेद जागच्या जागी असतात, शब्दांची लांबी-रुंदी शब्दांसारखी असते. फाइल खरोखर मोडलेली असेल तर ती बहुतेक वेळा उघडतच नाही, आणि उघडलीच तर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कुठलाही आकार नसलेली सलग माती दिसते.

पण ही तपासणी आज करू नका, कारण त्या फायली त्याच डिस्कवर आहेत आणि ती डिस्क आता आपल्याला चालवायची नाही. का, ते सांगते.

विंडोज बसवताना होणारं फॉरमॅट हे 'क्विक' फॉरमॅट असतं. कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची यादी नव्याने लिहिली जाते. फायलींमधला मजकूर असतो तिथेच राहतो, फक्त ती जागा मोकळी समजली जाते. मोकळ्या समजलेल्या जागेवर पुढे जे काही लिहिलं जाईल ते जुन्यावर लिहिलं जाईल. नव्या विंडोजने ढोबळमानाने २० ते ३० जीबी व्यापले असतील. घरच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क असते (विंडोजमध्ये ती ४६५ दिसते). तशी ती असेल तर फार मोठा भाग अजून अस्पर्श आहे. पण कॉम्प्युटर चालू असेपर्यंत विंडोज स्वस्थ बसत नाही. अपडेट उतरवतं, तात्पुरत्या फायली बनवतं, ब्राउझर आपलं सामान ठेवत राहतो. कॉम्प्युटर चालू राहिला की आप्पांची जागा थोडी थोडी खाल्ली जाते.

तुमच्या यजमानांनी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर बसवलं आणि सापडलेल्या फायलीही तिथेच उतरवल्या. त्याने काही जुना मजकूर पुसला गेला असणार, हे तुमच्यापासून लपवत नाही. किती, ते नंतर कळेल. मात्र त्यांनी ज्या फायली उडवल्या त्यांचं वाईट वाटून घेऊ नका. त्या सॉफ्टवेअरने काढलेल्या नकला होत्या. ज्या जागेवरून त्या काढल्या, तिथला मूळ मजकूर अजून असू शकतो.

आता त्या दुकानातल्या मुलाकडे जा. भांडायला नाही, विचारायला. पहिलं, डिस्क तीच आहे की त्याने जुनी काढून नवी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवली? 'कॉम्प्युटर फास्ट होईल' म्हणून असं सर्रास करतात. तसं झालं असेल तर आप्पांची डिस्क त्याच्या खणात पडलेली असेल, आणि ती हात न लागलेली असेल तर याहून चांगली बातमी नाही. दुसरं, त्याने नक्की काय केलं: पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) उडवलं, फॉरमॅट केलं, की काहीच न पुसता जुन्यावर विंडोज टाकलं? बोलताना सगळ्यालाच 'फॉरमॅट मारला' म्हणतात. न पुसता टाकलं असेल तर जुनं सगळं 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये डेस्कटॉपसकट बसलेलं असतं. विंडोज ते साधारण दहा दिवसांनी आपोआप काढून टाकतं, म्हणून प्लग काढायची एवढी घाई केली. बंद कॉम्प्युटर ते पुसणार नाही. तिसरं, फॉरमॅटच्या आधी त्याने स्वतःकडे काही कॉपी करून ठेवलं होतं का? बरेच जण ठेवतात आणि विसरतात.

तुमच्या डिस्कच्या बाबतीत आणखी एक शक्यता बघावी लागेल. आप्पांच्या कॉम्प्युटरला आधीपासूनच एसएसडी असेल आणि तीच फॉरमॅट झाली असेल, तर आशा फार थोडी. एसएसडीत मोकळी झालेली जागा ट्रिम नावाच्या सोयीने डिस्क स्वतःच साफ करून टाकते, आणि विंडोज ७ पासून ही सोय मुळातच चालू असते. तसं निघालं तर डिस्कवर पैसे घालण्यापेक्षा सगळा जोर मी पुढे सांगते त्या दुसऱ्या ठिकाणांवर लावा.

साधी हार्ड डिस्क असेल तर काम एकच आणि ते पहिलं: डिस्कची संपूर्ण, जशीच्या तशी प्रत. फायलींची नव्हे. पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत, मोकळ्या समजलेल्या जागेसकट. मग मूळ डिस्क कापडात गुंडाळून कपाटात ठेवायची आणि सगळी शोधाशोध त्या प्रतीवर करायची. प्रतीवर चुकलं तर पुन्हा प्रत काढता येते. मूळ डिस्कवर चुकलं तर दुसरी संधी नाही. यासाठी १ टीबीची एक एक्स्टर्नल डिस्क आणि लिनक्स (विंडोजऐवजी वापरतात ती फुकट प्रणाली) येणारं एखादं माणूस लागेल. कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकणारा एखादा भाचा-पुतण्या असेल तर त्याला हाक मारा. डीडीरेस्क्यू नावाचं फुकट साधन यासाठीच आहे. ते आधी चांगले भाग भराभर वाचून घेतं, अडलेल्या जागांकडे शेवटी वळतं, आणि कुठवर आलं याची नोंद ठेवतं, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी तिथून पुढे चालू करता येतं. डिस्क थेट जोडली असेल तर ५०० जीबीला दीड तास, जुन्या यूएसबीने चार-पाच तास. त्याला एवढंच बजावून सांगा की 'कुठून' आणि 'कुठे' ही दोन नावं आज्ञा देण्यापूर्वी दोनदा वाच. ती उलटी झाली तर कोरी डिस्क आप्पांच्या डिस्कवर उतरेल.

प्रत झाली की आधी त्या प्रतीतला जुन्या यादीचा उरलासुरला भाग शोधणारी साधनं चालवायची, आर-स्टुडिओसारखी. ती यादी सापडली तर फायली मूळ नावांनी, मूळ फोल्डरांत मिळतात. त्यानंतर फोटोरेक. हे साधन यादीकडे बघतच नाही. फायलीच्या सुरुवातीची ओळखीची खूण शोधून ते तिथून पुढचं उचलतं, म्हणून नावांच्या जागी आकडे येतात. मोडी कागदांचे फोटो अशा रीतीने चांगले परत मिळतात. आणि जे मिळेल ते तिसऱ्याच ठिकाणी उतरवायचं.

हे सगळं करताना डिस्कमधून टक-टक असा आवाज आला, किंवा डिस्क मध्येच दिसेनाशी व्हायला लागली, तर तत्क्षणी थांबा. तो बहुधा डिस्क वाचणाऱ्या सूक्ष्म टोकाचा बिघाड असतो. ते टोक फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं आणि बिघडलं की तबकडी खरवडतं. फ्रिजमध्ये ठेवणं, ठोकून बघणं, झाकण उघडणं, हे कोणीही सुचवलं तरी करू देऊ नका. मग ते काम धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेचं. तिथे डिस्क देण्याआधी विचारून घ्या: सापडलेल्या फायलींची यादी आधी दाखवाल का, आणि काही मिळालं नाही तर किती आकाराल?

आता आप्पा. तुम्ही विचारलंय, सांगावं की आधी प्रयत्न करावा. माझं उत्तर स्पष्ट आहे: आधी सांगा. हे त्यांच्या मानासाठी आहेच, त्यांचं वीसेक वर्षांचं काम आहे ते, आणि ते नाहीसं झाल्याची बातमी घरात सगळ्यांत शेवटी त्यांना कळावी हे बरोबर नाही. पण त्याहून मोठं कारण असं की त्यांच्याशिवाय हा शोध अर्धवटच राहील. फॉन्ट कुठला होता हे त्यांना माहीत आहे. मजकूर वर्डमध्ये होता की पेजमेकरमध्ये, हे त्यांना माहीत आहे, आणि त्यावर फोटोरेकला काय शोधायला सांगायचं हे ठरतं. फायलींना ते काय नावं देत, कुठल्या शाखेचं प्रकरण कुणाला तपासायला पाठवलं होतं, छापलेलं कच्चं बाड कोणाकडे आहे, पेनड्राइव्ह कुठल्या डब्यात आहे, हे सगळं त्यांच्याच डोक्यात आहे. बंद डिस्कचं आठवडाभरात काही बिघडत नाही. ते येईपर्यंत थांबलात तर नुकसान नाही, त्यांना न सांगता पुढे गेलात तर आहे.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या, प्रोग्रॅमरांचं काम साठवून ठेवणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि सुमारे ३०० जीबी डेटा उडाला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, एकही धड कामाला आली नाही. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत घेतलेली होती, तिच्यावर निभावलं. त्या लोकांनी काय केलं, तर सगळं जगासमोर मांडलं. काय गेलं, काय करून बघतोय, याची नोंद सर्वांना वाचता येईल अशी ठेवली आणि दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या माहितीत चुकलेल्या माणसाचं नाव नाही, तिथे फक्त 'टीम सदस्य १' आहे. दोष कुणाचा यावर रात्र घालवली असती तर ती प्रत आहे हे आठवायलाही कुणाला सवड झाली नसती. तुमच्या घरात मला नेमकी हीच भीती वाटते.

तुमच्या यजमानांनाही हे वाचून दाखवा. तुम्ही त्या मुलाला "आप्पांचं सगळं डेस्कटॉपवर असतं" असं सांगितलं होतं. विंडोजमध्ये डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, फॉरमॅटमध्ये पुसला जातो तोच भाग. हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, दुरुस्त करणाऱ्याला मात्र माहीत असायलाच हवं. ज्याला कळायला हवं होतं त्याला तुम्ही योग्य तेच सांगितलं होतं. आणि मुळात फॉरमॅटची गरजही बहुधा नव्हती. लाइट अचानक गेली की विंडोज सुरू करणाऱ्या फायली मोडू शकतात, बाकीची डिस्क बहुतेक वेळा धड असते. एका केबलने ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली असती तर आप्पांचं फोल्डर समोर दिसलं असतं. हा स्तंभ वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: 'फॉरमॅट मारावा लागेल' हे वाक्य ऐकलं की 'आधी डिस्क काढून दुसरीकडे लावून दाखवा' म्हणायचं, आणि ऐकलं नाही तर कॉम्प्युटर उचलून घरी आणायचा.

आप्पांना फोनवर सांगू नका. ते आले, एक रात्र विश्रांती झाली की सकाळच्या चहानंतर तुम्ही दोघांनी मिळून सांगा. "आप्पा, कॉम्प्युटर बंद पडला होता, दुरुस्तीत तुमचं फोल्डर गेलंय. डिस्क आम्ही बंद करून जपून ठेवलीय. ते शोधायला तुम्ही हवे आहात." एवढंच. ते चिडतील, कदाचित दिवसभर बोलणार नाहीत. त्यांना तेवढा वेळ द्या. मग वही घेऊन त्यांच्याजवळ बसा.

वहीत लिहायची ठिकाणं पुष्कळ निघतील. कुलवृत्तांत एकट्याने लिहिला जात नाही. पुण्या-नागपूरच्या शाखांना त्यांनी मजकूर तपासायला पाठवला असेल. आप्पांच्या मेलमध्ये 'पाठवलेले' उघडून अटॅचमेंट असलेले मेल वेगळे काढा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या फायली पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्याही फोनमध्ये डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये राहतात, म्हणून नातेवाइकांना फोन जुना झाला म्हणून विकू नका असं लगेच कळवा. मोडी कागदांचे फोटो कॅमेऱ्याने काढले असतील तर ते मेमरी कार्ड शोधा. त्यावरून फोटो पुसलेले असले तरी फोटोरेक तिथेही चालतं. झेरॉक्सवाल्याकडून, स्कॅन करणाऱ्याकडून, प्रिंट काढणाऱ्याकडून विचारून या. आणि कुणाकडे छापील बाड निघालं तर त्याची किंमत डिस्कपेक्षा कमी नाही. पानांचे सरळ, उजेडातले फोटो काढून गूगल ड्राइव्हमध्ये टाकले आणि गूगल डॉक्समध्ये उघडले की मराठी मजकूर बराचसा बरोबर उतरतो, तोही युनिकोडमध्ये. नावं आणि सनावळ्या तेवढ्या आप्पांनी पुन्हा तपासायच्या.

जे परत मिळेल ते कृतिदेवमध्येच ठेवू नका. कृतिदेवचं युनिकोड करून देणारी साधनं फुकट मिळतात. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी अधूनमधून घसरते, तेवढं नजरेखालून घाला. मूळ फाइल, युनिकोड आणि पीडीएफ, तिन्ही ठेवा. एक प्रत घरी, एक गूगल ड्राइव्हवर, एक नणंदेकडे सुरतेला. पाणी बडोद्यात आलं तरी सुरतेची प्रत कोरडी राहील. कॉम्प्युटरला एक यूपीएस घ्या, पावसाळ्यात बडोद्याच्या लाइटचा भरवसा नाही.

आता मला दोन फोटो पाठवा. डिस्कवर कंपनीचं नाव आणि क्षमता लिहिलेलं लेबल असतं त्याचा एक. तो काढण्यासाठी डिस्क चालू करायची नाही, नुसती पेटी उघडून काढायचा. आणि दुसरा आप्पांनी काढलेल्या कुठल्याही छापील पानाचा, घरात एखादं सापडेलच. अक्षराच्या वळणावरून फॉन्ट कुठला हे मी ओळखून कळवते.